अबोलीचं माहेर

काजूच्या बागेपाशी गाडी वळली तशी अबोली मागच्या सीटवर उभी राहिली आणि इस्माईलभाईंच्या मानेवर जोरजोरात श्वास सोडायला लागली.

"ताई, हिला सांगा, रस्ता मला माहीत आहे," इस्माईलभाई मान आखडून म्हणाले. "दरवर्षी हीच गाडी, हाच ड्रायव्हर. तरी हिचा विश्वास म्हणून नाही."

"माहेर जवळ आलं की कुणाला धीर निघतो?" मी म्हटलं.

आजऱ्यापासून थोडं आत, हेमलताकाकू देसाईंच्या घरी आम्ही चाललो होतो. काकू परसदारी अल्सेशियन कुत्री पाळायच्या आणि वर्षा-दोन वर्षांत एखादं वेत होऊ द्यायच्या. पिल्लू न्यायला येणाऱ्याची त्या अशी उलटतपासणी घ्यायच्या की माझं लग्न ठरवताना सासरच्यांची एवढी चौकशी आमच्या वडिलांनी केली नव्हती. पास झालात तर पिल्लू मिळायचं. नर असला तर नुसता नारळ हातात. मादी असली तर तिची चक्क ओटी भरायच्या: मूठभर तांदूळ, खोबऱ्याची वाटी, आणि तिची आई ज्यावर झोपायची त्या गोधडीचा एक तुकडा. मी अबोलीला न्यायला आले तेव्हा हे बघून हसले होते. मग काकूंनी त्यांचा नियम सांगितला.

"हिचं पहिलं बाळंतपण माहेरी. हितं. कबूल असंल तर ने."

तिथं माझं हसू थांबलं. माझी आई मी शाळेत असतानाच गेली. निनादच्या वेळी माझं पहिलं बाळंतपण सांगलीला सासरीच झालं. सासूबाईंनी कशात काही कमी केलं नाही, तरी डिंकाचा लाडू हातात घेतला की मला रडू यायचं आणि त्यांना वाटायचं की लाडू बिघडलाय. तेव्हा एका कुत्रीला माहेर आहे हे ऐकून मला तिचा थोडा हेवाच वाटला. पुढं दर उन्हाळ्यात मी अबोलीला घेऊन आठवडाभर आजऱ्याला जायला लागले. नाव अबोलीच्या माहेरपणाचं, पण तेल माझ्या डोक्याला लागायचं आणि फणसाची भाजी माझ्यासाठी व्हायची.

त्या वर्षी मात्र उन्हाळा नव्हता. दिवाळी नुकतीच झाली होती, अबोली माजावर येत होती, आणि मी तिच्यासाठी बेळगावचं एक स्थळ बघून ठेवलं होतं. एका निवृत्त सुभेदारांचा शेरा नावाचा नर. मेटिंगचे दिवस यायला थोडा अवकाश होता. आजऱ्याला दोन दिवस राहायचं, काकूंचा आशीर्वाद घ्यायचा आणि तसंच बेळगावला जायचं, असा माझा बेत. तीन वर्षं मी एकाच गोष्टीवर डोळा ठेवून होते. मला अबोलीचं एक पिल्लू हवं होतं. कुत्र्याचं आयुष्य ते केवढं, आणि ती गेल्यावर तिचं काहीतरी माझ्या घरात चालतंबोलतं राहावं, एवढीच माझी हाव होती. घरात जागासुद्धा ठरली होती, जिन्याखाली, अबोलीच्या शेजारी.

फोनवर हे सगळं सांगितलं तेव्हा काकू एवढंच म्हणाल्या, "बेळगावला मागनं जा. आधी हिकडं ये." नवऱ्या मुलाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. ज्या बाईनं पिल्लू देताना माझ्या घराच्या फरशीची घसरण विचारली होती, तिनं हे विचारू नये, याचं मला जरा नवल वाटलं होतं.

अंगणात गाडी थांबली. एरवी काकू भाकरीचा तुकडा आणि तांब्या घेऊन दारात उभ्या असायच्या. तुकडा अबोलीवरून ओवाळायच्या आणि लांब फेकायच्या. आज तांब्या घेऊन काका आले. काका म्हणजे आनंदराव देसाई, काकूंचे यजमान. ओवाळणं त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी तुकडा गोल फिरवला आणि तिथंच समोर टाकला. अबोलीनं तो खाऊन टाकला.

"आता हिची दृष्ट हिलाच लागणार," मी म्हटलं.

काका हसले नाहीत. "हात-पाय धू पोरी. ती मागं हाय," म्हणाले.

मी चूळ भरत होते तेव्हा परसदारच्या फरशीवरून काहीतरी खरवडत येत असल्याचा आवाज आला. थोडा आवाज, मग शांतता, मग परत आवाज. मी वळून बघितलं. बकुळ येत होती. बकुळ म्हणजे अबोलीची आई. तिच्या पोटाखालून जुन्या लुगड्याची घडी घातलेली होती आणि त्या घडीची दोन्ही टोकं धरून काकू कमरेत वाकून तिच्यामागून चालत होत्या. बकुळचे पुढचे पाय पूर्वीसारखे रुबाबात पडत होते. मागचे दोन नुसते ओढले जात होते, पंजे उलटे होऊन.

अबोलीला यातलं काही समजलं नाही. आई दिसताच ती धावत गेली आणि पुढचे पाय पसरून, मागचा भाग वर करून खेळायचं आमंत्रण दिलं. या दोघींचा ठरलेला खेळ होता, विहिरीभोवती पळायचं. बकुळनंही पुढचे पाय पसरले. तेवढ्यात काकूंच्या हातातून घडी सुटली आणि बकुळ मागच्या मागे कलंडली. तिनं मान वळवून आपल्या पायांकडे बघितलं, कुणी मागून धरलंय का असं. मग परत लेकीकडे तोंड करून आनंदानं भुंकली.

"पडली का कुठं?" मी विचारलं. "काकू, हाड मोडलंय का?"

"हाडं चांगली हायेत," काकू तिला परत उभी करत म्हणाल्या. "मिरजेला नेऊन फोटो काढला. कण्यातली शीर वाळत जाते म्हणाले डॉक्टर. आधी मागचं पाय, मग हळूहळू फुडं सरकतं. औषध न्हाई."

"दुखत असेल हो तिला."

"दुखत न्हाई. हे पाय आपलं हायेत हेच तिला कळंना झालंय."

मी बकुळजवळ बसले. तिनं माझा हात चाटला. तिच्या मागच्या पायांची नखं फरशीवर घासून पार बुडापर्यंत गेली होती. म्हातारपण कुणाला चुकलंय, असं काहीतरी मी बोलले असेन. काकूंनी घडी काढून खांद्यावर टाकली आणि पायरीवर बसल्या.

"म्हातारपण न्हवं ते, वैजू. निपाणीला मोगरा दिलाय न्हवं, अबोलीचा भाऊ? अबोलीएवढाच तो. त्याचा मागचा पाय घसटाय लागलाय."

मी अबोलीकडे बघितलं. ती विहिरीभोवती एकटीच धावत होती आणि मधूनमधून थांबून आईची वाट बघत होती. तिचे चारही पाय ठणठणीत होते.

"रक्तातनं येतंय," काकू म्हणाल्या. "बकुळ ज्यांच्याकडनं आणली त्यांना फोन केला मी. म्हटलं, हिचा बाप कशानं गेला? तर म्हणाले, साप चावला. बकुळला आणताना मी हेच इचारलं हुतं, तवा म्हणाले हुते गाडीखाली आला. मी म्हटलं, एकच कुत्रं दोनदा कसं मरंल? मग त्यांच्या बायकोनं फोन घेतला. तिनं खरं काय ते सांगितलं. शेवटी शेवटी त्याला उचलून न्याय लागायचं."

"म्हणजे त्यांना माहीत होतं?"

"म्हाईत हुतं. तरी पिल्लं इकली. तवा सांगितलं असतं तर मी बकुळला घरात आणली नसती."

यावर दाराशी खुर्ची टाकून बसलेले काका म्हणाले, "आणि मग ही अबोली तरी कुठली?"

तो माणूस खोटं बोलला म्हणून माझ्या घरात अबोली होती. त्याच्यावर चिडावं तर तिच्याशिवायचं घर डोळ्यासमोर आणावं लागत होतं, आणि ते मला जमत नव्हतं.

दुपारी जेवणं झाल्यावर काकूंनी मुद्द्याला हात घातला. आपण दिलेल्या प्रत्येक पिल्लाच्या घरी त्या महिनाभरात जाऊन आल्या होत्या. एसटीनं, जिथं एसटी नाही तिथं वडापच्या जीपनं. कुणी चहा दिला, कुणी पैसे परत मागितले. एका बाईनं तर फाटकातूनच सांगितलं की आमचं कुत्रं धडधाकट आहे, त्याला नाट लावायला येऊ नका. मी लांब सांगलीची, म्हणून शेवटी राहिले होते. तेवढ्यात मीच फोन केला.

"ही पिढी हितंच थांबवायची, वैजू. अबोलीचं ऑपरेशन करून घे."

मला राग आला. खरं सांगायचं तर रागापेक्षा रडू आलं, आणि रडू लपवायला मी रागावले.

"तिला काही झालेलं नाही, काकू."

"होणार न्हाई असंबी हुईल. पण तिच्या पोटातनं पिल्लांत जाईल. ते आज कुठला डॉक्टर सांगणार?"

"मला एकच पिल्लू हवंय. एकच. मी कुणाला देणार नाही, विकणार नाही. जे होईल ते माझ्या घरात होईल. लुगड्याची घडी घालून मी फिरवीन त्याला."

"एकटं पिल्लू हुतंय व्हय कुत्रीला?" काकू म्हणाल्या. "सात हुतील, आठ हुतील. तू एक ठेवशील. बाकीची कुणाच्या दारात घालशील?"

काकांना माझी दया आली असावी.

"अगं, होऊ दे की एक वेत," ते बायकोला म्हणाले. "सगळ्यांस्नी हुतंय असं थोडंच? ती एवढ्या आशेनं आलीया. माहेरासनं रिकाम्या हातानं धाडणार काय तिला?"

काकूंनी बराच वेळ सुपारी कातरली. मग म्हणाल्या, "कुत्री तुझी हाय. मी फकस्त सांगू शकते. तू म्हणशील तर बेळगावला जा. बाळंतपण मीच करीन, शब्द दिलाय तो मोडणार न्हाई. पण एक अट हाय. जो कोण पिल्लू न्यायला येईल, त्याला आधी बकुळ दाखवायची. तिला चालवून दाखवायची. आणि ते मी करणार न्हाई, तू करायचं."

"चालेल," मी म्हटलं.

संध्याकाळी बकुळला फिरवायला काकूंच्या ऐवजी मी गेले. लुगड्याची टोकं धरून वाकून चालताना कळलं की तिचं अर्धं वजन आपण पेलतो आहोत आणि बाकीचं अर्धं तिच्या हौसेवर चाललंय. काजूच्या प्रत्येक झाडापाशी तिला थांबायचं होतं. अबोली पुढं धावत जायची, परत यायची, आईच्या तोंडाला तोंड लावायची आणि परत धावायची. माझी पाठ मोडून आली. काकू साठीच्या पुढं होत्या, रोज हे करत होत्या, आणि जेवताना त्याबद्दल अवाक्षर बोलल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सांगितलं, "मी बेळगावला जाते, काकू."

"बरं," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

बाहेर आल्या त्या ताट घेऊन. अबोलीला पाटावर बसवलं. कपाळावर कुंकू टेकवलं, ते तिच्या काळ्या केसांत दिसेनासं झालं. ओटीचे तांदूळ, खोबऱ्याची वाटी, सगळं माझ्या पदरात घातलं, कारण अबोलीला पदर नव्हता. नवऱ्याच्या घरी निघालेल्या लेकीसाठी जे करायचं ते सगळं केलं. बकुळ दारात पुढच्या पायांवर उठून बसली होती आणि बघत होती.

गाडीत बसताना काकू खिडकीशी आल्या. इकडं तिकडं बघितलं. मग हळूच विचारलं, "शेरा कसा हाय गं दिसायला?"

"देखणा आहे."

"कान कसं हायेत? बारीक का रुंद?"

"बारीक. एकदम ताठ."

"आणि चाल?"

"चालतो तेव्हा पाठ हलतसुद्धा नाही, काकू."

काकूंचा चेहरा असा फुलला की मला काल दुपारची बाई कुठं गेली कळेना. "छाती खोल असंल तर अबोलीला चांगला जोडा हाय," त्या भराभर बोलायला लागल्या. "हिचा रंग आणि त्याची ठेवण. पिल्लं देखणी हुतील, वैजू. लई देखणी हुतील." आणि तिथंच थांबल्या. पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेल्या. काकांनी गाडीच्या टपावर थाप मारली आणि आम्ही निघालो.

गडहिंग्लज मागं पडेपर्यंत मी खुशीत होते. सुभेदारांना काय सांगायचं, बाळंतपणाला रजा कशी काढायची, याचा विचार करत होते. अट मला अवघड वाटत नव्हती. लोक येतील, मी बकुळला चालवून दाखवीन. मग मी तो प्रसंग खरोखर डोळ्यासमोर आणला. कोणीतरी नवरा-बायको आलेत. मी वाकून बकुळला फरशीवरून चालवते आहे. आणि त्यांच्या मांडीवर, दोन्ही हातांत मावेल एवढं, दुधाचा वास येणारं पिल्लू आहे. ते बकुळकडे बघतील, अरेरे म्हणतील, आणि पिल्लू घेऊन जातील. सगळेच नेतील. एकजणही नाही म्हणणार नाही. बकुळला तसं बघून, रात्रभर घोकून, मीच तर बेळगावला निघाले होते, आणि माझ्या मांडीवर तर अजून पिल्लूही नव्हतं.

काकूंनी माणसं ओळखली नव्हती असं नाही. अट लोकांसाठी नव्हतीच. ती मला हे कळावं म्हणून होती. आणि ती घालणाऱ्या काकूंच्याही तोंडाला पाणी सुटत होतं, हे मी खिडकीतून बघितलं होतं. जगात माझ्याइतकी त्या पिल्लांची आस आणखी कुणाला असेल तर ती त्या बाईला होती.

संकेश्वरला हायवे लागला. इस्माईलभाईंनी गाडी बाजूला घेतली. तिथून उजवीकडे बेळगाव, डावीकडे घर.

"ताई, उजवीकडं ना?"

अबोली माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. पदरातले तांदूळ सीटवर सांडले होते. मी तिच्या कानामागं खाजवत बसले. मागून ट्रक हॉर्न वाजवायला लागले तेव्हा मी म्हटलं, "डावीकडं."

"बेळगाव राहिलं?"

"राहिलं."

इस्माईलभाईंनी आरशात माझ्याकडं बघितलं आणि सांगलीपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. त्यांचे ते उपकार मी विसरले नाही. मी सबंध रस्ता रडत होते.

ऑपरेशन झालं. जिन्याखालच्या जागेत आम्ही सायकल ठेवली. बकुळ त्या वर्षाच्या शेवटी गेली. काकूंनी पुन्हा कुत्रं पाळलं नाही. उन्हाळ्यात मी फोन केला, येऊ का म्हणून, तर म्हणाल्या, "तू ये की. अबोलीला नको आणू. ती अंगणात आली की माझं मन ऱ्हात न्हाई. वाटतं, जाऊ दे सगळं, एक वेत हुऊ दे." अबोलीला सोडून मी तिच्या माहेरी कुठल्या तोंडानं जाणार? मी गेले नाही. फणसाचे दिवस आले की मात्र आठवडाभर मला घरात करमायचं नाही.

दर रविवारी मी अबोलीचे मागचे पंजे हातात घेऊन नखं बघायची. सहा वर्षांची झाली, आठ झाली, दहा झाली. नखं घासली नाहीत. प्रत्येक वेळी जीव भांड्यात पडायचा आणि त्याच्या पाठोपाठ एक कळ यायची. तिचं तोंड पांढरं झालं, कानांना कमी ऐकू यायला लागलं, पण पाय शाबूत राहिले. एका सकाळी ती फिरून आली, पाणी प्यायली, दाराजवळ आडवी झाली आणि गेली.

मी काकूंना फोन केला. काका जाऊन वर्ष झालं होतं. काकूंचा आवाज बारीक झाला होता.

"पाय?" त्यांनी विचारलं.

"चांगले होते."

"शेवटपावतर?"

"सकाळी स्वतः जिना चढून आली, काकू."

पलीकडे त्या खुर्ची ओढून बसल्याचा आवाज आला.

"वैजू," त्या म्हणाल्या, "तिचं एखादं पिल्लू असाय पायजे हुतं, असं वाटतं का गं तुला?"

"नाही काकू. तुम्ही सांगितलंत तेच बरोबर होतं."

"बरोबर हुतं ते मला ठावं हाय. ते न्हाई इचारलं मी. वाटतं का, ते सांग."

"वाटतं," मी म्हटलं. "रोज वाटतं."

"मलाबी वाटतं," काकू म्हणाल्या.

मग त्यांनी ठेवते असं म्हटलं नाही आणि मीही म्हटलं नाही. त्यांनी विचारलं की पिल्लं रंगानं कुणावर गेली असती, मी म्हटलं अबोलीवर. छाती शेराची, हे त्यांनीच ठरवलं. चाल कुणाची यावरून आमची थोडी वादावादी झाली. एकेकाला त्यांनी नाव ठेवलं, कोण खोडकर निघालं असतं आणि कोण खादाड, ते सांगितलं, कुणाच्या घरी कोण द्यायचं तेही जुळवलं. सगळ्यात शेवटचं जे पिल्लू, ते अंगानं बारीक झालं असतं, त्याचा एक कान कधीच ताठ उभा राहिला नसता आणि ते कुणी नेलं नसतं, असं काकूंचं म्हणणं पडलं.

ते मी ठेवून घेतलं.